पंचहजारीतली वीस मिनिटे

मेलेल्यांना माफी आपोआप मिळाली होती. जिवंतांना अर्ज करावा लागणार होता. नव्या कायद्यातला हा भेद हिलरी स्टॅगलने वाचून दाखवला, तेव्हा अंब्रोस पिकेट आपल्या कपातला चहा ढवळत होता.

"सिरिलचं हे नेहमीचंच," तो म्हणाला. "रांगेत उभं राहायची वेळ आली, की हा आधीच आत जाऊन बसलेला."

"तुम्हांलाही तो रस्ता मोकळा आहे," हिलरी म्हणाली. "पण त्यापेक्षा फॉर्म बरा. चारच पानं आहेत."

हिलरीने तीस वर्षे गावच्या पोस्टात काउंटरमागे बसून लोकांचे फॉर्म भरून दिले होते, आणि निवृत्तीनंतर मेलिंगफील्डच्या चर्चमधल्या घंटावादकांची ती प्रमुख झाली होती. माणसे असोत की घंटा, दोर आपल्या हाती असला की सगळे वळणावर येते, असा तिचा अनुभव होता. अंब्रोसच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने कागद पसरले, चष्मा नाकावर खाली ओढला आणि एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. न्यायालय कोणते, साल कोणते, आरोप कोणता. दोन पुरुषांनी एकमेकांवर प्रेम केल्याचा तो १९६३ सालचा आरोप कायद्याच्या भाषेत इतका ओंगळ दिसत होता, की तिने तो मोठ्याने न वाचता भराभर उतरवून टाकला.

"दुसऱ्या व्यक्तीची संमती होती का?"

"कशाला?"

"त्याला हो, अंब्रोस. ज्याबद्दल शिक्षा झाली त्याला."

"सिरिलनं सहजासहजी संमती कशालाच दिली नाही. खिडकी उघडायची म्हटली तरी अर्धा तास वाद. लिही, होती."

हे झाले एप्रिलमध्ये. गृहखात्याचे उत्तर ऑगस्टमध्ये आले, बियाण्यांच्या सूचिपत्रासोबत. अंब्रोसने चाळीस वर्षे बियाण्यांच्या दुकानात नोकरी केली होती, त्यामुळे त्याने आधी सूचिपत्र वाचले. मटारांच्या नव्या जातींबद्दल त्याचे मत चांगले झाले नाही. लिफाफा मात्र त्याने दोन दिवस तसाच ठेवला, आणि मग हिलरीला बोलावून तिच्यापुढे सरकवला. फॉर्म तिचा, तेव्हा उत्तरही तिनेच उघडावे.

"माफी मिळाली," ती वाचून म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गेला होता.

"याला उलट टपाली उत्तर द्यायचं असतं का? 'मीही तुम्हांला' असं काही?"

"नसतं. आणि ऐका, नुसती माफी नाही. नोंदही काढून टाकणार. जणू काही झालंच नव्हतं."

"कोर्टातली नोंद?"

"सगळीकडची."

अंब्रोसने मान हलवली, उठून किटली पुन्हा चुलीवर ठेवली आणि पाठमोराच उभा राहिला. आनंद झाला पाहिजे हे त्याला कळत होते. पण पाणी तापेपर्यंत त्याच्या मनात एक विचित्रच विचार येऊन बसला होता, आणि तो हिलरीला सांगण्याजोगा नव्हता. त्याचे आणि सिरिलचे नाव एकाखाली एक असे या जगात दोनच ठिकाणी लिहिले गेले होते. लग्नपत्रिका, घराची कागदपत्रे, नाताळची शुभेच्छापत्रे, यांपैकी कशावरही ती दोन नावे कधी शेजारी आली नाहीत. एक जागा होती कोर्टाचे दप्तर. दुसरी होती मेलिंगफील्डच्या मनोऱ्यातला फलक. दप्तरातून ती आता सन्मानाने पुसली जाणार होती. फलकावरून ती पंचावन्न वर्षांपूर्वीच पुसली गेली होती, सन्मानाविना.

"आता फलकाचं घेऊ या," त्याच्या पाठीमागे हिलरी म्हणाली. जणू तो हे सगळे मोठ्याने बोलला होता. "तुमची नावं परत लिहायची. नॉर्मनला मी कालच विचारलं. हात थरथरतो म्हणाला, पण ब्रश धरला की थांबतो."

अंब्रोसच्या हातातल्या चमच्यातली चहापत्ती ओट्यावर सांडली.

मेलिंगफील्डच्या मनोऱ्यात आठ घंटा आहेत, आणि त्या वाजवणारे सूर वाजवत नाहीत, क्रम वाजवतात. आठ माणसे आठ दोर धरून गोल उभी राहतात. एका फेरीत प्रत्येक घंटा एकदा वाजते. पुढच्या फेरीत क्रम बदलतो, त्याच्या पुढच्या फेरीत पुन्हा बदलतो, आणि एकदा वाजलेला क्रम पुन्हा वाजता कामा नये. आपली घंटा कधी पुढे सरकायची, कधी मागे राहायची, ही ज्याची त्याची वाट ज्याने त्याने डोक्यात ठेवायची. समोर कागद नाही, मध्ये पाणी नाही, दोर दुसऱ्याच्या हाती देणे नाही. असे पाच हजार क्रम एकही न चुकता, एकही पुन्हा न येता वाजले, म्हणजे तीन तासांनी पंचहजारी पुरी होते. दोन वादक वाट हुकून एकमेकांच्या वाटेवर गेले, तर खाली रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला काहीच कळत नाही. घंटा तितक्याच गोड वाजत राहतात. पण ती पंचहजारी खोटी. ती थांबवायची, कुठे लिहायची नाही आणि घरी जाऊन गप्प बसायचे. मेलिंगफील्डमध्ये माणसाने दारू प्यावी, संसार मोडावा, देव आहे की नाही याविषयी शंका काढावी. गाव चार दिवस कुजबुजते आणि विसरते. खोटी पंचहजारी खरी म्हणून मिरवणे मात्र आजवर कोणी केलेले नव्हते.

म्हणजे, केलेले नव्हते असे सगळे समजत होते.

गावच्याच माणसांनी वाजवलेली पंचहजारी मेलिंगफील्डच्या नावावर एकच होती, १९६१ च्या ऑक्टोबरातली. तिचा ओकच्या लाकडाचा फलक दोरांच्या खोलीत लावलेला होता: काळ्या रंगावर सोनेरी अक्षरे, एक ते आठ अशी आठ नावे. पाचवे नाव नॉर्मन ग्रिग्जचे. तिसऱ्या आणि चौथ्या नावांच्या जागी मात्र इतर काळ्याहून जरा जास्तच काळे असे दोन पट्टे होते. त्या जागा पिकेट आणि वेंडन यांच्या. खटल्यानंतर तेव्हाच्या पाद्र्याने ती नावे खोडायला सांगितली, आणि खोडायला नॉर्मनच होता, कारण पाट्या रंगवणे हा त्याचा धंदा होता.

सिरिल वेंडन गावच्या शाळेत गणित शिकवायचा. खटल्यानंतर शाळा गेली, तो उत्तरेकडे निघून गेला. सहा वर्षांनी, कायदा बदलल्यावर, तो परत आला आणि अंब्रोसच्या शेजारचे घर भाड्याने घेऊन राहिला. दोन्ही घरांमध्ये झुडपांचे कुंपण होते. ते दोघेही दर उन्हाळ्यात मन लावून कातरत, तरी त्यातले एक भगदाड चाळीस वर्षे बुजले नाही. गाव म्हणायचे, सशांचे काम. ससे चांगले सहा फूट उंचीचे असले पाहिजेत, असे नॉर्मन म्हणायचा. पुढे वाजवणारे हात कमी पडू लागले, तेव्हा दोघांना मनोऱ्यातही परत बोलावणे आले. पण त्या दोन काळ्या पट्ट्यांविषयी कोणी अवाक्षर काढले नाही, आणि सिरिल त्यांच्याकडे पाठ करून उभा राहायला शिकला. २००९ च्या हिवाळ्यात तो गेला. त्याच्या दफनाच्या वेळी घंटांच्या लोळ्यांना एका बाजूने चामडे बांधले होते. एक ठोका मोठा, एक दुरून आल्यासारखा. तिसरी घंटा अंब्रोसनेच वाजवली.

हिलरीने बेत पक्का केला होता. सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी फलकाचे अनावरण. त्याआधी घंटावादकांच्या साप्ताहिकाला दुरुस्ती पाठवायची: या पंचहजारीतली वगळलेली दोन नावे पुन्हा समाविष्ट करण्यात येत आहेत. त्यासाठी हयात वादकांनी सही करायची, की हे वादन आमच्या माहितीप्रमाणे खरे होते. आठांपैकी हयात दोघेच.

"नॉर्मननं केली," तिने कागद टेबलावर ठेवत म्हटले. "खाली तुमची."

"ठेवून जा. चष्मा सापडत नाही."

"डोक्यावर आहे."

"हा लांबचा."

कागद आठवडाभर मिठाच्या बरणीखाली राहिला.

अंब्रोस रोज तो काढायचा, वाचायचा आणि परत बरणीखाली ठेवायचा. त्याला सही करायची होती. इतकी उत्कट इच्छा आपल्याला या वयात कशाची व्हावी, याचे त्यालाच नवल वाटे. डोळे मिटले की तो फलक त्याला दिसायचा: तिसऱ्या ओळीत पिकेट, चौथ्या ओळीत वेंडन, वर आणि खाली गावची भली माणसे. उद्या आपण गेल्यावर कोणी परका मनोऱ्याच्या पायऱ्या चढून येईल, धाप लागलेली असताना भिंतीकडे पाहील आणि ती दोन नावे एका दमात वाचेल. त्याला काही कळणार नाही, आणि तरी वाचलेली असतील. एवढेच हवे होते. आणि एवढ्यासाठी फक्त एका खोट्याखाली नाव लिहायचे होते, जे सत्तावन्न वर्षे तसेही उभेच होते.

ते घडले होते दुसऱ्या तासाच्या मध्यावर. आठ जणांत सर्वांत मोठी घंटा म्हाताऱ्या डॅगनॉलांकडे होती; क्रम कुठे बदलायचा याचा पुकाराही तेच करत होते, सवयीप्रमाणे डोळे घट्ट मिटून. अंब्रोसने त्या दिवशी वडिलांची ढगळ पँट घातली होती आणि ती खांद्यांवरच्या गॅलिसांच्या भरवशावर होती. हात वर गेले आणि उजवा गॅलिस तटकन तुटला. दोन्ही हात दोराला बांधलेले; सोडावेत तर पंचहजारी मोडते, न सोडावेत तर पँट जाते. पँट गेली. हळूहळू, प्रत्येक ठोक्याला एकेक इंच. त्याने घाबरून डावीकडे पाहिले, तर चौथ्या दोरावर सिरिल उभा होता. ओठ घट्ट दाबलेले, डोळ्यांत पाणी, खांदे गदगदत होते. त्या चेहऱ्याकडे पाहताना अंब्रोस आपली वाट विसरला. ती सापडली असे वाटले तेव्हा ती सिरिलची होती, आणि सिरिल त्याच्या वाटेने चालला होता. दोघांनाही ते लगेच कळले. डॅगनॉलांचे डोळे मिटलेलेच होते. वीस मिनिटे ते तसे चालत राहिले, एकाची घंटा दुसऱ्याच्या वाटेने; आणि वीस मिनिटांनी एका पुकाऱ्यापाशी सिरिलने भुवई उंचावली, तेव्हा त्यांनी आपापल्या वाटा परत घेतल्या.

अंब्रोसच्या ऐंशी वर्षांच्या आयुष्यात त्या वीस मिनिटांइतके सुख दुसरे नव्हते. हे मात्र कोणत्याच फॉर्मवर विचारलेले नव्हते.

वादन संपल्यावर डॅगनॉलांनी प्रथेप्रमाणे विचारले होते, कुणाला काही म्हणायचे आहे का. कोणी काही म्हटले नाही. जिना उतरताना सिरिल त्याच्या कानात म्हणाला होता, "आता आपण खरे गुन्हेगार." दोन वर्षांनी कोर्टात मॅजिस्ट्रेटने जवळजवळ त्याच शब्दांत विचारले, आरोपींना काही म्हणायचे आहे का, तेव्हा क्षणभर वाटले ते पंचहजारीचे सांगून टाकावे, असे सिरिल पुढे कैक वर्षे हसत हसत सांगायचा. हसणे संपले की मात्र तो खिडकीबाहेर पाहत बसायचा. चुकीचे गणित बरोबर म्हणून सोडून दिल्याचे त्या शिक्षकाला शेवटपर्यंत सलत राहिले.

सही न करता अंब्रोस मनोरा चढला. गुरुवारची दुपार होती. छप्पन्न पायऱ्या, आणि दर दहा पायऱ्यांवर परत फिरण्याचे एक चांगले कारण. वर नॉर्मन फलकासमोर स्टूल टाकून बसला होता, हातात खरवडणी, आणि नव्याने शिकायला आलेल्या दोन बायकांना गोष्ट सांगत होता.

"—आणि पँट घोट्याशी. पांढरी चड्डी, गुडघ्यापर्यंतची. पण हा गडी बघा, हा. आला बघा. एक ठोका चुकवला नाही यानं. एक. मी त्याच्या शेजारून दुसरा होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. असे वादक आता होणार नाहीत. तुमचं काय, दोराला हात लावायच्या आधी फोन वाजतो."

बायका हसत हसत खाली गेल्या. अंब्रोसने त्यांची पावले ऐकू येईनाशी होईपर्यंत वाट पाहिली.

"नॉर्मन, हा फलक खोटा आहे."

"खोटा कसा? मी स्वतः रंगवलाय."

"वादन खोटं होतं. मी आणि सिरिल वाट चुकलो. वीस मिनिटं मी त्याची वाजवत होतो आणि तो माझी."

"कधी?"

"गॅलिस तुटला तेव्हा."

नॉर्मनने खरवडणी मांडीवर ठेवली. "तेव्हा तू एकही ठोका चुकवला नाहीस."

"असं तू सांगतोस."

"मी पाहिलंय, अरे."

"तू पँटकडे पाहत होतास, नॉर्मन. सगळेच पँटकडे पाहत होते. म्हणून तर कुणाला कळलं नाही."

खाली चर्चमध्ये कोणीतरी खुर्च्या सरकवत होते. नॉर्मन फलकाकडे पाहत राहिला, पाचव्या ओळीकडे. त्याने आयुष्यात एकच पंचहजारी वाजवली होती. नंतर खांदा गेला.

"सत्तावन्न वर्षं मी ही गोष्ट सांगतोय," तो सावकाश म्हणाला. "मुलीच्या लग्नात सांगितली. बायकोच्या दफनाच्या दिवशी सांगितली, लोकांना जरा हसू यावं म्हणून. तू होतास तिथं."

"होतो."

"सँडविच खात ऐकत होतास."

"काकडीचं होतं," अंब्रोस म्हणाला.

"ते दुसरं होतं ना," नॉर्मनने खरवडणीचे टोक त्या काळ्या पट्ट्यांकडे केले, "ते तुमचं होतं. तुम्हां दोघांचं. त्यात माझं काही गेलं नाही, मी कधी काही बोललो नाही. पण हे माझं होतं, अंब्रोस. हे एकच होतं माझ्याकडे."

"मी माफी मागतो."

"माग. मी देत नाही."

एवढ्यात हिलरी थर्मास घेऊन वर आली. दोघांचे चेहरे पाहून तिने थर्मास खाली ठेवला, आणि काय झाले ते अंब्रोसने तिलाही सांगितले. तिने मध्ये एकदाही तोंड घातले नाही. तिच्या बाबतीत ही फार गंभीर गोष्ट होती.

"पण मग मुकाट्यानं सही करून टाकायची होती," शेवटी ती म्हणाली. "कुणाला कळलं असतं? गृहखात्याच्या कागदावर केलीत की."

"ते खरं होतं."

हिलरीने कपाळ चोळले. "नियम तुम्हांला माहीत आहे. मला हा फलक उतरवावा लागेल. साप्ताहिकालाही कळवावं लागेल, वादन मागे घेतलं म्हणून."

"माहीत आहे."

नॉर्मन उठला, टोपी घातली आणि जिन्याकडे गेला. वळणावरून त्याचा आवाज आला, "काकडीचं म्हणे." मग बराच वेळ फक्त त्याची काठी ऐकू येत राहिली.

पुढचे दिवस अंब्रोसने बागेत काढले. मटारांचे वेल सुकले होते, ते उपटून टाकायचे होते. मन हलके होईल असे वाटले होते, झाले नाही. नोंद जाणार होती, फलकही जाणार होता. सिरिलचे आणि आपले असे काही होते, याचा लिहिलेला पुरावा आता कुठेही उरणार नव्हता, आणि यांपैकी निम्मे काम त्याने स्वतःच्या हाताने केले होते. शेजारच्या घरात आता एक तरुण जोडपे राहायचे. कुंपणातल्या भगदाडातून त्यांनी अंब्रोसला हाक मारून विचारले, की हे बुजवायचे का, की असू द्यायचे. असू द्या, तो म्हणाला, ससे येतात. नॉर्मन रोज सकाळी त्याच्या दारावरून पेपर आणायला जायचा. चार सकाळी तो रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने गेला.

पाचव्या दिवशी हिलरीचा निरोप आला: फलक शनिवारी उतरवतोय, यायचे तर या, नाही आलात तरी मला चालेल. अंब्रोसला यायचे नव्हते. तो शुक्रवारीच गेला, कोणी नसताना एकदा पाहून घ्यावे म्हणून; आणि पन्नासाव्या पायरीवर त्याला खरवडण्याचा आवाज ऐकू आला.

नॉर्मन स्टुलावर होता. त्याने मागे वळून पाहिले नाही.

"दिवा जरा तिरका धर. आलाच आहेस तर."

अंब्रोसने दिवा धरला. तिरक्या उजेडात काळ्या पट्ट्यांखालची जुनी अक्षरे फुगीर कडांनी दिसत होती, पांघरुणाखाली झोपलेल्या माणसासारखी. चौथी ओळ पुरी मोकळी झाली होती. नॉर्मन तिसरीवर होता.

"फलक उद्या उतरणार आहे," अंब्रोस म्हणाला. "मग हे कशाला?"

"खोटं वादन किती जणांचं होतं?"

"आठ जणांचं."

"आणि फलकावर नावं सहा. असा उतरला तर लोक म्हणतील, चुकले ते हे सहा. आणि ज्यांनी घोटाळा केला ते दोघे नामानिराळे. मी नाही तसं होऊ देणार. दोघांची नावं वर चढतील, मग सगळे मिळून खाली जाऊ." तो थांबून श्वास घेऊ लागला. "मूर्खानं किती रंग थापलाय. तीन हात आहेत."

"तूच थापलास."

"मला माहीत आहे मीच थापलाय," नॉर्मन म्हणाला, आणि पुन्हा खरवडू लागला. त्याचे कान लाल झाले होते. अंब्रोस दिव्याकडे पाहत राहिला. पंचावन्न वर्षांपूर्वी याच स्टुलावर बसून, हाच ओठ असाच दाताखाली धरून, या माणसाने तीन वेळा ब्रश बुडवला होता. नीट, कडा न सोडता, कारण अर्धवट काम त्याला जमायचे नाही. त्याला काय वाटले असेल हे अंब्रोसने कधी विचारले नव्हते. आताही विचारले नाही. फक्त दिवा जरा जवळ नेला.

"इतका जवळ नको. भाजशील मला."

दुपारी ब्रश निघाला. हात टेकवायला नॉर्मनकडे एक काठी होती, तिच्या टोकाला कापडाचा गोळा. ब्रश लाकडाला टेकला तशी थरथर खरोखरच थांबली. त्याने आधी वेंडन लिहिले, मग पिकेट. मधून मधून तो मागे सरून पाही आणि जुन्या अक्षरांना नावे ठेवी. ती त्यानेच काढलेली होती, तेवीस-चोवीस वर्षांचा असताना, आणि त्याच्या मते त्या पोराला काही येत नव्हते. रंग वाळायला दोन दिवस लागतील, असे त्याने हिलरीला चिठ्ठी लिहून कळवले. हिलरीने उत्तर पाठवले की एक मिळेल.

शनिवारी सकाळी फलक खोलीच्या जमिनीतल्या झडपेतून खाली सोडला. एरवी तिथून फक्त घंटा चढवता-उतरवता येतात, त्याही शंभर वर्षांतून एकदा. वरून हिलरी आणि त्या दोन नव्या बायका दोर सोडत होत्या. खाली चर्चमध्ये अंब्रोस मान वर करून उभा होता. आधी तळाची कड दिसली. मग आठवे नाव, डॅगनॉलांचे. सातवे, सहावे, ग्रिग्ज. मग वेंडन, मग पिकेट. उंच खिडकीतल्या उजेडात ती दोन सगळ्यांहून नवी आणि सगळ्यांहून भडक दिसत होती. फलक हवेत सावकाश फिरत होता. गाव पाहायला आले नव्हते. चर्चची पितळी भांडी घासणारी एक बाई आणि पाद्रीणबाई एवढीच काय ती मंडळी. अंब्रोसने ती नावे एका दमात वाचली, आणि पुन्हा वाचली.

नॉर्मन जिन्याने उतरून धापा टाकत त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"न्यायला कोण येणार?"

"हिलरीची गाडी आहे. मी माझ्याकडे ठेवतो म्हणालो. तिनं नियम पाहिला. खोटा फलक मनोऱ्यात नको एवढंच आहे त्यात. घरात नको असं कुठं नाही."

"लावणार कुठं?"

"जेवायच्या टेबलासमोर."

"म्हणजे मी जेवायला आलो, की मला घास घशाखाली उतरायच्या आत ते पाहावं लागणार."

"तू येणार आहेस जेवायला?"

"रविवारी येतोच ना. मधे एक रविवार नाही आलो, तो खांदा दुखत होता म्हणून." नॉर्मनने टोपी काढून पुन्हा घातली. "आणि मी माफ केलेलं नाही, हे ध्यानात ठेव."

"ठेवतो."

"पुन्हा मागूही नकोस."

"नाही मागत," अंब्रोस म्हणाला. त्याला गंमत वाटली, की हे ऐकून आपल्याला बरे वाटते आहे. गृहखात्याने त्याची नोंद पुसून त्याला मोकळे केले होते; हा माणूस मात्र ती मरेपर्यंत आपल्या डोक्यात जपून ठेवणार होता, दर रविवारी, बटाट्यांबरोबर, पिकेट आणि वेंडन, दोघांनाही मिळून.

फलक जमिनीला टेकला. अंब्रोसने वाकून दोन बोटे तिसऱ्या ओळीवर ठेवली, मग खाली चौथीवर.

"ओलं आहे अजून," नॉर्मन म्हणाला. "दोन दिवस लागतील म्हणून चिठ्ठी लिहिली होती मी. बघ. घालवलंस ना शेवटचं अक्षर." त्याने कोटाच्या खिशातून फडक्यात गुंडाळलेला ब्रश काढला आणि कण्हत कण्हत गुडघ्यांवर बसला. "सरक तिकडे. उजेडात उभा आहेस."